कट् वाजलं ते माझं होतं

मित्रांनो, एक गोष्ट आधीच निक्षून सांगतो, म्हणजे पुढे वाद नको. मला खाट म्हणायचं नाही. पलंग तर मुळीच म्हणायचं नाही. खाटेवर माणूस पडून राहतो. माझ्यावर तो आडवा होतो, पण उठण्यासाठी. ज्या दिवशी कुणी माझ्यावर निवांत घोरायला लागेल, त्या दिवशी मी चारी पाय दुमडून घेईन आणि त्याला जमिनीवर सोडीन, मग लोक मला काही का म्हणेनात.

मी बाक आहे. लाकडी, घडीचा, जुना. जुना आहे याची मला काडीची लाज नाही. कंबर धरून, वाकडी होऊन चालणारी माणसं माझ्यावर पालथी होतात आणि एक बाई आपल्या दोन हातांनी त्यांच्या आखडलेल्या पाठी मोकळ्या करते. या कामाला फिजिओथेरपी म्हणतात. तिला सगळे ताई म्हणतात, म्हणून मीही ताईच म्हणतो.

ताई नुकतीच शिकून बाहेर पडली होती, तेव्हाची गोष्ट. दवाखाना थाटायला तिच्याकडे जागा नव्हती. ज्याची कंबर धरली आहे त्याला जिने उतरवत आपल्याकडे कशाला बोलवायचं, आपणच त्याच्या घरी जावं, असा तिनं विचार केला आणि सुताराकडे गेली. माणसाएवढा लांब, मध्ये बॅगेसारखा दुमडणारा, उचलायला हलका, असा बाक हवा म्हणाली.

"आणि एका टोकाला भोक हवं."

सुतारानं कानावरची पेन्सिल काढली आणि न वापरताच परत कानावर ठेवली. "भोक कशाला?"

"तोंड घालायला."

"कुणाचं?"

"पेशंटचं हो! पालथं झोपल्यावर मान वाकडी होऊ नये, श्वास घेता यावा म्हणून."

"असं होय. मला वाटलं, कुंडी ठेवायची असेल," सुतार म्हणाला आणि त्यानं स्वतःचंच तोंड फळीवर टेकवून माप घेतलं. त्या गृहस्थाचं नाक भलतंच थोर होतं. म्हणून आजही कुठल्याही नाकाचा माणूस माझ्यात ऐसपैस मावतो. माझ्या अंगावर त्यानं फोम ठोकला, वर हिरवं रेक्झिन ताणून बसवलं आणि कमरेत पितळेची बिजागरी घातली. माझ्या कमरेत. हे लक्षात ठेवा मित्रांनो, कारण पुढचं सगळं रामायण त्या बिजागरीचं आहे.

मग मी घरं पाहिली. कुणी माझ्यासाठी जेवणाचं टेबल भिंतीला लावून जागा करी, कुणी दोन खाटांच्या मधल्या बोळकांडीत मला उघडी. माणसांचे चेहरे तुम्ही समोरून बघता, मी खालून पाहिले. त्या भोकात चेहरा आला की तो वेगळाच दिसतो. गाल खाली लोंबतात, रुबाब गळून पडतो. भल्याभल्यांचा आवाज तिथं मऊ होतो. वर बसून जे कुणाला सांगितलं नसतं ते माणसं माझ्याखालच्या फरशीला सांगतात. त्यांना ताईचा चेहरा दिसत नाही, दिसतात ते तिचे कापडी बूट आणि त्यातल्या एकाची वेगळ्याच रंगाची नाडी. रस्त्यात भेटली तर कित्येक पेशंट आधी तिच्या बुटांकडे बघतात आणि मगच ओळख देतात.

आणि तिचे हात! ती आधी पुष्कळ विचारते. कधीपासून दुखतंय, पायात मुंग्या येतात का, पाय लुळा पडल्यासारखा वाटतो का, लघवीला काही त्रास आहे का. तसलं काही असलं, की ती मला उघडतसुद्धा नाही, सरळ मोठ्या दवाखान्यात पाठवते. नसलं तर मग तिचे अंगठे कण्याच्या दोन्ही बाजूंनी हळूहळू चालू लागतात. अंधारात घराच्या भिंती चाचपत जावं तसे. गाठ सापडली की अंगठा तिथं थांबतो. ढकलत नाही, नुसता थांबतो, दार उघडेपर्यंत उंबऱ्याशी थांबलेल्या पाहुण्यासारखा. आत स्नायू आधी कुरकुरतो, मग रुसतो, मग सैल पडतो. नंतर ती तळव्याचा भार देते, एका लयीत, पाळणा हलवावा तसा. आणि शेवटी म्हणते, "चला, उठा. आता चालून दाखवा. मी अर्धं काम केलंय, उरलेलं तुमचं."

हे उरलेलं अर्धं काम लोकांना नको असतं, मित्रांनो. खरी गोम तिथंच आहे.

झालं असं, की उघडमीट करून करून माझ्या बिजागरीची खीळ झिजली. ताईनं तळव्याचा भार दिला की माझ्या पोटातून आवाज यायचा, 'कट्'. चांगला ठसठशीत. आणि भोकातला चेहरा एकदम खुलायचा. "आहाहा! बसलं!"

"काय बसलं?" ताई विचारायची.

"काही नाही, काही नाही. तुमच्या हाताला गुण आहे," चेहरा म्हणायचा.

लोकांना वाटे, आपल्या पाठीतलं हाड जागेवरून सरकलं होतं, ते आत्ता खटकन बसलं. ताई कानीकपाळी ओरडून सांगायची, "हाड सरकलेलं नाही हो. पाठ म्हणजे काही कपबशीची मांडणी नाही, धक्का लागला की घसरायला." लोक मान डोलवायचे आणि 'कट्' ची वाट बघत पडायचे. मी काय करणार? मला आवाज होता, पण शब्द नव्हते. आज ते मिळालेत, म्हणून छातीठोकपणे सांगतो. कट् वाजलं ते माझं होतं! तुमचं हाड जागच्या जागी होतं. कालही होतं, आजही आहे.

आता क्रेनची गोष्ट सांगतो.

क्रेन हा माणूस होता बरं का. घरसामान हलवायचं काम करायचा. कपाटं, शिवणयंत्रं, लोखंडी तिजोऱ्या, सगळं पाठीवर घेऊन जिने चढायचा, म्हणून त्याचं नाव क्रेन पडलं. त्याची आईसुद्धा त्याला क्रेनच म्हणायची. चाळीसारख्या एका उंच, अरुंद इमारतीत अगदी वरच्या मजल्यावर तो, त्याची बायको आणि आई राहत. आईचे पाय गेलेले. रोज सकाळी तो तिला उचलून खाली अंगणात आणायचा, भिंतीच्या कडेला उन्हात खुर्चीवर बसवायचा आणि मग कामाला जायचा. संध्याकाळी परत वर. त्या अंगणात म्हातारीचं सगळं जग होतं. पत्ते कुटणाऱ्या मैत्रिणी, येणारा जाणारा, भांडणं, बातम्या.

मग एक दिवस तो साधी पाण्याची बादली उचलायला वाकला आणि तसाच राहिला. तिजोऱ्या पेलणारा माणूस, बादलीनं त्याला पाडलं. डॉक्टरांनी तपासलं, काही गंभीर नाही म्हणाले, ताईचा पत्ता दिला. पण शेजारच्या कुणीतरी तेवढ्यात त्याच्या कानात सोडलं, "मणका सरकलाय तुझा. आता जपून हो, एकदा सरकला की सरकतच राहतो."

हे वाक्य त्याच्या मनात जे रुतलं, ते निघेना.

ताई मला घेऊन त्यांच्याकडे जाऊ लागली. पहिले काही दिवस तो कुशीवर वळतानाही घाम पुसायचा. पुढे तिच्या हातांनी पाठ सैलावली. ती त्याला वाकायला शिकवू लागली, मग पाण्यानं भरलेला डबा उचलायला, मग दोन डबे, मग धान्याचं पोतं. तो सगळं करायचा, पण आधी माझ्यावर पालथा होऊन 'कट्' झालं पाहिजे. कट् झालं की तो वाघ. ताई गेली की तास दोन तासांत त्याचा चेहरा उतरायचा, "सरकलं वाटतं पुन्हा." मग बायको त्याच्या बुटांच्या नाड्या बांधायची आणि तो भिंतीला पाठ लावून बसायचा, काचेचा झाल्यासारखा.

आणि म्हातारी खिडकीशी. ती वरूनच मैत्रिणींबरोबर पत्ते खेळायची. तिची पानं खालची एक जण धरायची आणि ही वरून ओरडायची, "माझा राजा टाक गं! अगं बदामचा! आणि तू तिच्या हातात डोकावू नकोस, मला दिसतंय वरून!" पुढे पुढे तेही कमी झालं. आवाज खाली पोचेना. एकदा ताई क्रेनची पाठ मोकळी करत असताना म्हातारी म्हणाली, "पोरी, ऊन कसं असतं ते विसरायला झालं बघ. इथं भिंतीवर त्याचा तुकडा येतो हाताएवढा. लगेच निघून जातो, पाहुण्यासारखा. चहासुद्धा घेत नाही."

क्रेननं ऐकलं. तो माझ्यावर पालथा होता, त्याचा चेहरा माझ्या भोकात होता. मी पाहिलं ते सांगत नाही. फरशी ओली झाली एवढंच सांगतो.

"आईला खाली न्यायला कधी जमेल, ताई?" त्यानं विचारलं.

"जमेल कधी? जमतंय आत्ताच. तुम्ही उचलता ते पोतं आजींपेक्षा जड आहे."

"पोतं पडलं तर फाटेल, ताई. आई पडली तर? उतरताना जिन्यात मणका सरकला तर?"



त्याच आठवड्यात ताईला माझ्या आवाजाची काळजी वाटू लागली. बिजागरी तुटून पेशंट खाली आला म्हणजे? ती मला सुताराकडे घेऊन गेली. त्यानं झिजलेली खीळ काढली, नवी घातली, तेल सोडलं. मी तरुणपणासारखा गप्प झालो.

दुसऱ्या दिवशी क्रेन माझ्यावर पालथा झाला. ताईचे अंगठे फिरले, गाठी सुटल्या, तळव्याचा भार आला. तो श्वास रोखून वाट बघत होता. काही वाजलं नाही.

"पुन्हा द्या," तो म्हणाला.

तिनं पुन्हा भार दिला. शांतता.

"बसत नाहीये आज."

"काय बसत नाहीये?"

"हाड! रोज वाजतं ना कट् करून? आज बसत नाहीये. जास्त सरकलं की काय?"

ताईला आधी कळेचना. कळलं तेव्हा तिला हसू फुटलं. "अहो दादा, तो आवाज तर या बाकाचा! काल खीळ बदलून आणली."

तिनं हसायला नको होतं, मित्रांनो. क्रेन उठून बसला. मी त्याचा चेहरा सरळ पाहिला, पहिल्यांदाच. चेहरा लाल झाला होता.

"म्हणजे इतके दिवस मी एका फळकुटाच्या कुरकुरीवर बरा होत होतो?"

"तुम्ही व्यायामानं बरे होत होता. मी सांगत होते की, हाड सरकलेलं नाही म्हणून."

"तुम्ही नुसत्या सांगत होता, ताई. वाजत हा होता!" त्यानं माझ्यावर हात आपटला. "म्हणजे माझं हाड कधी बसलंच नाही. तसंच सरकलेलं घेऊन मी पोती उचलत होतो. देवा!" आणि बघता बघता तो वाकडा झाला. काल ज्याला पोतं जमत होतं त्याला आज उभं राहणं जमेना. भिंत धरत धरत तो खुर्चीपर्यंत गेला. "घेऊन जा तो बाक. मला नको काही. आईला पण सांगून टाका, खाली जाणं विसर म्हणून."

"मी काय बहिरी आहे?" खिडकीतून आवाज आला. "ऐकलं मी."

ताईनं मला मिटलं.

माझ्या अंगाची आग आग होत होती. कुणी मला फळकुट म्हणालं म्हणून नव्हे, म्हणोत बापडे. एक धडधाकट माणूस माझ्या झिजलेल्या खिळीवर आपला सगळा विश्वास टांगून बसला आणि ती गेली तर स्वतःला मोडका समजू लागला, याची आग. मला ओरडायचं होतं, अरे शहाण्या, तुझी पाठ माझ्यासारखी दोन फळ्या आणि एक खीळ नाही! तिला सुतार लागत नाही. तिला तू लागतोस!

ताई मला घेऊन बाहेर पडली. नेहमी ती मला उभा धरून काळजीनं जिना उतरते. त्या दिवशी तिचं लक्ष नव्हतं. पहिल्याच वळणावर माझं एक टोक कठड्याच्या गजांत शिरलं, दुसरं भिंतीच्या कोपऱ्यात रुतलं आणि ती माझ्यामागे भिंतीशी चेपली गेली. तिनं ओढलं, मी हललो नाही. ढकललं, तर आणखी घट्ट बसलो. खालून क्रेनची बायको भाजीची पिशवी घेऊन वर येत होती, ती पलीकडे अडकली.

"ताई, डावीकडे घ्या!"

"माझं डावीकडे की तुमचं, वहिनी?"

"कुणाचंही घ्या, पण भाजीवर येऊ नका!"

भिंतीचा पोपडा उडाला. गज कण्हले. आणि वरच्या दारात क्रेन आला. चौकट धरून उभा राहिला. तो बघायला आला होता, मदतीला नव्हे. पण मित्रांनो, ज्यानं उभ्या जन्मात एकही वस्तू जिन्यात अडकू दिली नाही, त्याला ते दृश्य कसं बघवावं? त्याचा जीव खालीवर होऊ लागला.

"अहो, उलटा फिरवा! उलटा!"

"फिरत नाहीये!"

"ओढू नका! पाय निसटेल त्याचा! वर घ्या, कठड्याच्या वर! अहो ताई, वर म्हणजे वर!" एकेक शब्दाबरोबर तो एकेक पायरी खाली येत होता आणि त्याला पत्ता नव्हता. "सोडा. सोडा म्हणतो ना! व्हा बाजूला."

त्यानं मला धरलं. ताईचे हात मला ठाऊक होते, हे हात नवे. मोठे, खरखरीत, पण ओझ्याशी बोलणारे. तो गुडघ्यात बसला. कमरेत वाकला. एक कोपरा हलकेच मागे घेतला, मला गजांतून सोडवलं, कठड्यावरून वर उचललं, बायकोच्या डोक्यावरून पलीकडे नेलं आणि खांद्यावर घेऊन तडक जिना उतरू लागला. अंगणात येईपर्यंत थांबला नाही. तिथं त्यानं मला भिंतीशी उभं केलं, हात झटकले, आणि मग त्याला आठवण झाली.

तो जागच्या जागी थिजला. स्वतःच्या पाठीला कान लावून उभा राहिला. पाठ काही बोलली नाही.

ताई धापा टाकत खाली आली. "दुखतंय?"

"दुखतंय थोडं." मग जरा थांबून, चकित होऊन, "मेहनत केल्यावर दुखतं तसं."

"मग दुखू दे की."

"पण वाजलं नाही काही, ताई."

"त्याला तेल घातलंय," ताई माझ्याकडे बोट करून म्हणाली. "आणि तुमच्यात मुळात वाजण्यासारखं काही नव्हतंच."

तो काही बोलणार तेवढ्यात वरच्या खिडकीतून म्हातारी कडाडली. "क्रेन! त्या फळकुटाला खाली न्यायला बरा उठलास! आणि मी? मला काय गजांत अडकवायचं आधी? सांग तसं, मी घालते पाय!"

अंगणातल्या बायका पत्ते हातात धरून थांबल्या. क्रेननं वर पाहिलं. भीती गेली नव्हती, मित्रांनो, मी जवळ होतो, मला दिसत होती. भीती तशीच खांद्यावर घेऊन तो जिना चढला, मागोमाग ताईही.

मग जिन्यात पावलं वाजली, जड, सावकाश. पुढे ताई उलट्या पावलांनी उतरत होती, मागे बायको. मधल्या वळणावर पावलं थांबली. फार वेळ थांबली. माझं लाकूड ताठ झालं. आणि मग म्हातारीचा आवाज आला. ती गात होती, लेकाच्या कानाशी, तिचं तिनंच जुळवलेलं.

पायरीमागं पायरी बाई, जिना झाला घाट गं,
लेकाच्या गं खांद्यावरून धरली मी वाट गं...

पावलं पुन्हा वाजू लागली.

अंगणात खुर्ची नव्हती, ती केव्हाच कुणीतरी उचलून नेली होती. ताईनं झटपट माझे पाय उघडले, आणि क्रेननं आईला माझ्यावर बसवलं. माझ्यावर माणसं पालथी पडतात. ती बाई ताठ बसली, पाय सोडून, राणीसारखी. तिनं डोळे मिटून उन्हाकडे तोंड केलं. क्रेन गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत तिच्याकडे बघत होता.

म्हातारीनं डोळे उघडले, मैत्रिणीच्या हातातली पानं बघायला गेली आणि कपाळाला आठी घातली.

"चष्मा वरच राहिला की रे. जा, घेऊन ये."

तो गेला. पायऱ्या गाळत गेला आणि पायऱ्या गाळत आला. आणि त्याच्या मागे बघत ताई म्हणाली, "आजी, हा व्यायाम मी सांगणारच होते."

मित्रांनो, नंतर मी पुष्कळ वर्षं काम केलं. क्रेन पुन्हा जिने चढू लागला. अधूनमधून त्याची पाठ आखडायची, मग तो यायचा, ताईकडून ती मोकळी करून घ्यायचा आणि उठून कामाला जायचा. कधी नुसता मला उचलून द्यायला यायचा. आता ताईचा स्वतःचा दवाखाना आहे. तिथं कळ दाबली की वर-खाली होणारे नवे पलंग आहेत. असोत बापडे, माझं त्यांच्याशी भांडण नाही. भांडण आहे ते माझ्यावर घातलेल्या या चादरीशी. ताईच्या हाताखाली शिकणाऱ्या मुली मला हात लावताना जपतात, 'जुना आहे, मोडेल' म्हणतात.

मी मोडत नाही! मला मोडका समजून कोपऱ्यात उभं केलंत तर मात्र नक्की मोडेन. पाय गंजतील, खीळ धरेल, रेक्झिनला भेगा पडतील. जपणं म्हणजे झाकून ठेवणं असं तुम्हाला कुणी शिकवलं? मला तेल घाला, पुसा, सैल झालं ते आवळा, आणि वापरा. आणि तुमच्या पाठीचंही तेच करा. पाय लुळा पडला, बधिर झाला, तर उगाच शूरपणा नको, ताबडतोब डॉक्टरांकडे जा. पण नुसती कंबर धरली म्हणून 'मी आता मोडलो' असं कुणाच्या सांगण्यावरून मनात घेऊ नका. चांगल्या हाताखाली जरूर आडवे व्हा. मग उठा. उरलेलं अर्धं काम तुमचं आहे, ते कुणी तुमच्यासाठी करणार नाही, मीही नाही.

आता ही चादर काढा बघू. बाहेर जिन्यावर कुणीतरी कठडा धरत, थांबत थांबत वर येतंय. नवे पलंग सगळे भरलेत, मला इथून दिसतंय.

उघडा मला.